इवाईंचा फ्यूज आणि माझं 'न्हाई'

इवाई, तुम्ही तिकडं सुटलात, हिकडं अडकलो मी. तुमच्या मागं घातलेलं गणाराधनेचं जेवण झालं, स्वामी उठले, पाव्हणे पान तोंडात घालून आपापल्या चपला हुडकायले होते, आणि इहीणबाईंनी मला हाक मारून तुमच्या खोलीत नेलं. मला वाटलं, सुवर्णाबद्दल काही बोलायचं असंल. तुमच्या पोराला माझी पोरगी दिलीय, दुसरं काय बोलणार. पण त्यांनी तुमच्या त्या ॲम्प्लिफायरवरचं फडकं काढलं, नीट घडी घातली आणि म्हणल्या, "अण्णा, पंगतीत लोक हसायले होते. फ्यूजवाले अप्पा, फ्यूजवाले अप्पा. मी आत बसून सगळं ऐकले. तुमच्याइतका खरं बोलणारा माणूस आपल्या सोयऱ्यात दुसरा न्हाई. तुम्ही एकदा नीट ऐका आन् मला सांगा. त्या फ्यूजनं फरक पडतो का न्हाई? माझा माणूस येडा होता का?"

आता सांगा, काय बोलावं मी. तुम्ही विचारलं असतं तर पटकन 'न्हाई' म्हणून मोकळा झालो असतो. एवढ्या वर्षांत तुम्हाला मी ते एकच उत्तर दिलं. पण तुमच्या तोंडावर न्हाई म्हणणं वेगळं आणि तुमच्या माघारी, पांढऱ्या कपाळानं उभ्या असलेल्या तुमच्या बायकोला न्हाई म्हणणं वेगळं. मी म्हणलं, "सकाळी निवांत ऐकतो, मग सांगतो." काळजीनं डोळ्याला डोळा लागला न्हाई असं लिहायला बरं दिसलं असतं. पण लागला. पुरणाच्या होळग्या लई झाल्या होत्या.

तुम्हाला माहीत असलेलंच परत सांगतो, रागावू नका. मी बसवकल्याणात मोटारी, स्टार्टर, वायर, पंखे विकणारा माणूस. माझ्या काउंटरवर फ्यूजची बरणी असती. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, दोन्हीकडं पत्र्याच्या टोप्या, मधून केसासारखी तार. करंट जास्त आला की तार वितळती आणि मशीन वाचतं. गिऱ्हाईक मागतं, मी बरणीत हात घालून देतो. शेंगदाण्यालासुद्धा कागदाचा पुडा असतो, फ्यूजला तेवढा बी मान न्हाई. आणि तुमचा फ्यूज? चिनी मातीची नळी, टोप्यांना सोन्याचं पाणी, आत म्हणे चांदीची तार, आणि वरून एक बाण. ही बाजू हिकडं, ती बाजू तिकडं. फ्यूज बदलला की गाणं उघडतं, हे तुमचं म्हणणं. गाणं काय डबा हाय का उघडायला, हे माझं म्हणणं.

भांडण सुरू झालं त्या दिवसाची तुम्हाला आठवण असंलच. सुवर्णाला तुम्ही बघून गेलात, पसंत केलीत, मग रीतीप्रमाणं आम्ही तुमचं घर बघायला बीदरला आलो. गाडी भरून माणसं. पोरीकडची माणसं घर बघायला जातात तवा काय बघतात? पाणी कुठनं येतं, सासू कशी बोलती, पोराला पान-तंबाखू हाय का. आमच्या करजगीच्या आत्याबाई तर स्वयंपाकघरातले डबे उघडून बघणार होत्या, तशी तयारी करून आल्या होत्या. तुम्ही कुणाला काही बघू दिलं न्हाई. सगळ्यांना सतरंजीवर ओळीनं बसवलंत, घसा दोनदा साफ केलात, आणि म्हणलात, "आधी साध्या फ्यूजवर ऐका."

भजन लावलंत. वचनं म्हणायली होती मंडळी, ढोलकी, टाळ, मागं बासरी. जुनं टेपवरचं, पोरानं पेनड्राइव्हवर घालून दिलेलं. मग बंद केलंत, पिन काढलीत, मागचं झाकण फिरवून फ्यूज बदललात, परत तेच भजन. आणि मग एकेकाकडं बघून विचारायला लागलात, फरक कळला का म्हणून.

आमच्याकडचे सगळे शहाणे. मुलाचा बाप विचारायलाय म्हणल्यावर कुणाची जीभ न्हाई म्हणायला वळंल? माझा थोरला भाऊ म्हणाला, जमीन-अस्मानाचा फरक. मधला म्हणाला, आधी काहीच ऐकू येत नव्हतं. आत्याबाईंना एका कानानं ऐकू येत न्हाई, त्या म्हणल्या, माझा दुसरा कान उघडला. तुमची मान नुसती हलायली होती. मग माझ्यापाशी आलात. मी पोरीचा बाप. मी म्हणलं, "न्हाई."

थोरल्या भावानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की घरी जाऊन बघितलं तर काळंनिळं. आत चहाचे कप वाजायचे थांबले. मला वाटलं, गेली सोयरीक. एका फ्यूजपायी पोरीचं लगीन मोडणारा मी बीदर जिल्ह्यातला पहिलाच बाप असणार. तुम्ही भजन बंद केलंत. मग म्हणलात, "ह्या माणसाला खोटं बोलता येत न्हाई. माझ्या घरात असला माणूस पाहिजे. पक्कं करून टाका." इहीणबाईंनी साखर आणली. माझ्या तोंडात साखर घालताना हळूच म्हणलात, "पण फरक हाय बरं का, इवाई."

तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत.

लग्नात तुम्ही जो आहेर केलात त्यानं आमची इज्जत गेली का वाढली, हे अजून ठरायचं हाय. पाव्हण्यांना टॉवेल-टोपी द्यायची साधी रीत. तुम्ही आमच्या माणसांना, ज्यांनी ज्यांनी 'फरक हाय' म्हणलं होतं त्या सगळ्यांना, अंगठीच्या लाल मखमली डब्या वाटल्यात. मांडवभर झालं, नवऱ्या मुलाच्या बापानं सोनं वाटलं. मधला भाऊ डबी उघडून न बघता थेट सोनाराकडं गेला. सोनारानं कसोटीवर घासलं, चष्मा वर केला आणि विचारलं, हे कुठल्या मशीनमधलं काढून आणलंत.

करजगीच्या आत्याबाईंची तर गोष्टच वेगळी. घरात कुणाला मशीन न्हाई, टेप न्हाई. त्यांनी नळी बघितली, सोनेरी टोप्या बघितल्या, वर बाण बघितला, आणि ठरवून टाकलं की ताईतच हाय. काळ्या दोऱ्यात ओवून पणतूच्या दंडाला बांधला. पणतूचा ताप उतरला. आता ताप काय, औषधानं बी उतरतो, वाट बघितली तर असाच बी उतरतो. पण गावात झालं, बीदरच्या इवायानं सिद्ध करून दिलेला ताईत. चार बाया डबी मागायला माझ्या दुकानापर्यंत आल्या. मी तुम्हाला फोन करून म्हणलं, बघा तुमच्या फ्यूजचं काय झालं ते. मला वाटलं शरमंल हा माणूस. तुम्ही दोनदा घसा साफ केलात आणि म्हणलात, "म्हणजे फरक पडला ना?"

माझ्या दुकानात आलात की तुम्ही ती बरणी अशी बघायचात, कुणाच्या तरी घरी लहान लेकरं उपाशी बसलेली बघावीत तशी. बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून जन्म गेला तुमचा, वस्तू कशी ठेवावी याची तुम्हाला खाज. "इवाई, असं कोंबून ठेवत्यात का? टोपीला टोपी घासती." मी म्हणायचो, "अप्पा, माल हाय तो, माणूस न्हाई." गिऱ्हाईक समोर उभं असायचं. तुम्ही त्यालाच सांगायचात, हा घेऊ नको, थोडं थांब, चांगला घे. माझ्याच दुकानात बसून माझंच गिऱ्हाईक परत लावायचं, वर माझाच चहा प्यायचा. असला इवाई वैऱ्याला बी मिळू नये असं मी घरी येऊन म्हणायचो. आमची बायको म्हणायची, मग चहा कामून पाजता.

एक मात्र तुमचं खरं मानतो. फार महागातले असले फ्यूज निघालेत, तुमच्या हैदराबादच्या मेव्हण्यानं तसला आणला होता, त्याला तुम्ही येड्यात काढलंत. म्हणलात, तो दिखावा. आपण परवडणारा घ्यायचा, एकदा घालायचा, विसरायचं. घालायचं तुम्ही केलंत. विसरायचं तेवढं राहिलं.

आणि भांडणं बी काय साधी होती का. मी म्हणलं, करंट कुठल्या कुठून येतो, डोंगर-दऱ्यातनं, ॲल्युमिनियमच्या तारेतनं, खांबावर कावळे बसलेले, घराच्या भिंतीत बसवलेली वायर उंदरानं कुरतडलेली, आणि शेवटच्या बोटभर जागेत तुम्ही चांदी घालायलात, त्यानं काय होणार? तुम्ही विचारलंत, "नळाचा पाइप किती लांब असतो?" मी म्हणलं, लई लांब. "मग फडकं कुठं बांधता? तळ्याला का तोटीला?" दोन दिवस मला त्याचं उत्तर सुचलं न्हाई. तिसऱ्या दिवशी सुचलं, पण तवर तुम्ही बाणाचा विषय काढला होता. मी म्हणलं, घरातला करंट सेकंदाला पन्नासदा जातो आन् पन्नासदा येतो, तुमचा बाण कुणाला वाट दाखवायलाय? तुम्ही म्हणलात, "बस बी जाती-येती. बोर्ड लावतीच की न्हाई?"

भांडण रंगात आलं की तुम्ही कन्नडात शिरायचात. हरायला लागलात की दखनीत. "नक्को जी, तुमकू नै समझता," एवढं आलं की मी समजायचो, आता जिंकलो, आता जेवायला बसायचं. आणि निम्म्या वेळा तर करंटच नसायचा. मशीन मुकं, पंखा बंद, अंगातनं घाम गळायलाय, आणि आपण दोघं मरणाच्या उकाड्यात, न वाजणाऱ्या मशीनमधल्या फ्यूजवरून भांडायलोय. सुवर्णा एकदा म्हणली, बाबा, करंट आल्यावर भांडा ना. तुम्ही तिला सांगितलंत, पोरी, करंट आल्यावर ऐकावं लागतं.

पण तुम्ही कधी ऐकू दिलंत? हे मला आज म्हणायचंच हाय. भजन सुरू झालं की तुमचं तोंड सुरू. "ढोलकी बघा. टाळ बघा कसा येगळा वाजायलाय. आता बासरी येतीय, बघा, आली." माणसानं ऐकावं कवा? सगळ्या भजनात तुम्ही एकाच जागी गप व्हायचात. बासरी संपली की. बोट वर करून, डोळे माझ्यावर लावून. मला वाटायचं, झालं, आता परीक्षेचा पेपर पुढं आला. तुम्ही विचारायच्या आतच मी म्हणायचो, "न्हाई." तुम्ही बोट खाली घ्यायचात. पुढच्या खेपेला परत तेच. सणाला आलो की तेच, नातवाच्या बारशाला तेच. बारशाला तर पाळण्यात लेकरू झोपलं होतं, बाया नाव घ्यायच्या थांबल्या होत्या, आणि तुमचं बोट वर. मी पाळण्याच्या पलीकडनं म्हणलं, "न्हाई."

कलबुर्गीच्या दवाखान्यात तुम्हाला बघायला आलो तवा तुमच्या उशाला ते मशीन टिकटिक करायलं होतं. नाकात नळी. मी बसलो. तुम्हीच मशीनकडं डोळ्यानं दाखवून म्हणलात, "ह्यात कुठला फ्यूज असंल, इवाई?" मी म्हणलं, माझ्या बरणीतलाच असणार. तुम्ही हसलात आणि हसण्यानं धाप लागली, सिस्टर मला रागावली. मग शांत झालात. माझा हात धरलात. आपण एवढ्या वर्षांत कधी एकमेकाचा हात धरला नव्हता, नमस्कार तेवढा. म्हणलात, "घरी गेलो की एकदा तुम्ही एकटे बसून ऐका. मी बोलणार न्हाई." मी म्हणलं, "तुम्ही न बोलता? मग आधी घरी या, तेवढा चमत्कार मला बघायचाय."

तुम्ही घरी आलात ते बोलायच्या पलीकडं जाऊनच आलात. ते तुमच्या कबुलीप्रमाणंच झालं, पण असं व्हायला नको होतं, अप्पा. मला तुमचा राग आला. अजून हाय. मंठाळला, तुमच्या गावी, शेतात आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं समाधीत तुम्हाला बसवलं, विभूती लावलेलं तोंड बघितलं, आणि मला एकच वाटायलं होतं की हा माणूस आता घसा साफ करणार आणि काहीतरी म्हणणार. बिल्वपत्र टाकताना मी तुमच्या तोंडाजवळ फार वाकलो, तर जावयानं धरलं. तुमच्या पोराला वाटलं म्हातारा सासरा पडतोय.

तर सकाळी मी तुमच्या खोलीत एकटा बसलो. इहीणबाईंना शब्द दिला होता. पिन काढली, तुमचा फ्यूज काढला, टेबलावर ठेवला. खिशात माझ्या बरणीतला होताच, त्याच अँपियरचा. दुकानदाराच्या खिशात असतो तसा. आधी तुमच्यावर ऐकलं, मग माझ्यावर, परत तुमच्यावर, परत माझ्यावर. कुणी बोलायला नव्हतं. खोलीत एवढी शांतता मी पहिल्यांदाच बघितली, आणि ती मला अजिबात आवडली न्हाई. पण कान देऊन ऐकलं. ढोलकी तीच, टाळ तोच, बासरी तीच, आणि बासरी संपली की दर खेपेला मी एकटाच सवयीनं 'न्हाई' म्हणायचो. काडीचा फरक न्हाई. मी मनात वाक्य जुळवायला लागलो. इहीणबाई, फरक न्हाई, पण येडा म्हणता येणार न्हाई. इहीणबाई, छंद असतो एकेकाला. सगळी वाक्यं लंगडी. तवर त्या चहा घेऊन आल्याच.

भजन चालूच होतं. फ्यूज त्या वेळी माझा होता, हे ध्यानात ठेवा.

कप माझ्यापुढं ठेवून त्या तिथंच खाली बसल्या. बासरी सुरू झाली, संपली, आणि इहीणबाईंनी बोट वर केलं. अगदी तुमच्यासारखं. माझ्या तोंडात 'न्हाई' येऊन बसलं होतं, ते सवयीनं बाहेर आलं. त्यांनी बोट खाली घेतलं.

"दर वेळी तुम्ही असंच करता, अण्णा," त्या म्हणल्या. "तिथंच तर खोकतेत."

"कोण खोकतंय?"

इहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणल्या, "हे एवढं इचारायला पाहिजे होतं तुम्ही. त्यांना नुसतं हे एवढंच पाहिजे होतं."

मग त्यांनी सांगितलं. तुम्ही मला कधी न सांगितलेलं. हे भजन मंठाळच्या जत्रेतलं, तुमचे वडील पुढच्या ओळीत बसलेले, कुणीतरी टेप लावून ठेवलेला. त्यांचा फोटो हाय घरात, पण आवाज कुठंच न्हाई. बासरी संपली की दोनदा खोकतात, तेवढाच. ॲम्प्लिफायरचा जुना फ्यूज उडाला, तुम्ही हा नवा आणून घातलात, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तुम्हाला तो खोकला ऐकू आला. तिथून तुमच्या लेखी फ्यूज म्हणजे देवच झाला.

"मग मला कामून सांगितलं न्हाई?" मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. "एवढी वर्षं नुसतं ढोलकी बघा, बासरी बघा."

"मी बी इचारले. तर म्हणायचे, सांगून ऐकवल्यावर कुणाला बी ऐकू येतंय. पोराला, महेशला सांगितलं, त्यो व्हय म्हणला. मला सांगितलं, मी व्हय म्हणले. आता खरं सांगते, अण्णा, मला त्यो खोकला कधीच ऐकू आला न्हाई. माझ्या कानाला भजन म्हणजे भजन. पण एवढ्या आशेनं बघायचे, न्हाई कसं म्हणू. त्यांना ते कळायचं. म्हणायचे, तुमच्या व्हयला काय अर्थ हाय. इवायानं न सांगता म्हणलं पाहिजे, कोण खोकायलंय म्हणून. मग खरं." त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "आता तर मी सांगूनच बसले. तरी तुम्ही ऐका. खोकला हाय का न्हाई? का ह्यांच्या मनातच होता?"

म्हणजे प्रश्न फ्यूजचा नव्हताच. एवढी वर्षं तुम्ही माझ्यापुढं बोट धरून बसलात ते तुमच्या वडिलांना कुणीतरी परक्यानं ऐकावं म्हणून, आणि मी बरोबर त्याच जागेवर, त्यांच्या खोकल्याच्या अंगावर, माझं 'न्हाई' टाकत राहिलो. ऐकू कसं येणार? माझाच आवाज मध्ये.

भजन परत लावलं. चहावर साय धरली. ढोलकी, टाळ, बासरी. मी ओठ गच्च आवळून बसलो, सवय वाईट असती. बासरी संपली.

हाय, अप्पा.

ढोलकीच्या मागं दबलाय, पण हाय. एकदा, मग जरा थांबून दुसऱ्यांदा. कोरडा. आणि तो खोकला नव्हेच. घसा साफ करणं हाय ते. भांडणाच्या आधी तुम्ही करायचात ना, दोनदा, आता ऐका माझं म्हणून, अगदी तस्सं. मंठाळच्या जत्रेत तुमचे वडील शेजारच्या माणसाशी काहीतरी वाद घालायच्या बेतात होते, आणि मला वाटलं तुम्हीच माझ्या पाठीमागं येऊन उभं राहिलात. मी वळून बघितलं. आता हे कुणाला सांगू नका.

इहीणबाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "न्हाई ना?" त्या म्हणल्या.

"हाय," मी म्हणलं.

"माझं मन राखायलात."

"मन राखायचं असतं तर त्या दिवशी सतरंजीवर राखलं असतं. हाय, इहीणबाई. असा." आणि मी घसा साफ करून दाखवला. दोनदा.

"अगं बाई," त्या म्हणल्या, "हे तर ह्यांचं." आणि मग रडायला लागल्या, रडता रडता हसायला लागल्या, बाहेरनं सुवर्णा पळत आली, तिला वाटलं बाबांनी फ्यूजवरून सासूला रडवलं. तिला बी करून दाखवलं. तिनं महेशला बोलावलं. त्याला दाखवलं. त्यानं तसंच करून दाखवलं, पोरगा तुमचाच, घसा तोच. त्या खोलीत आम्ही सगळे घसा साफ करत बसलो होतो. बाहेरचा कुणी बघता तर म्हणला असता, ह्या घरात काहीतरी साथ आलीय.

शांत झाल्यावर इहीणबाईंनी डोळे पुसले. म्हणल्या, "म्हणजे येडे नव्हते."

"त्याचं मी सांगू शकत न्हाई," मी म्हणलं, "पण खोकला हाय."

"आन् त्यांच्याच फ्यूजवर आला ना ऐकू?"

तुमचा फ्यूज टेबलावर होता, तुमच्या चष्म्याच्या डबीमागं. मशीनमध्ये माझ्या बरणीतला. ज्याला खोटं बोलता येत न्हाई म्हणून तुम्ही सोयरीक पक्की केलीत, त्या माणसानं इहीणबाईंच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणला, "व्हय."

त्यांना सांगितलं न्हाई, पण तुम्हाला सांगतो, कारण आपलं तसं ठरलेलं हाय. सगळे बाहेर गेल्यावर मी तुमच्या फ्यूजवर बी ऐकलं. तेवढाच खोकला. ना जास्त, ना कमी. तुमच्या चांदीवर बी तेवढाच आणि माझ्या पत्र्यावर बी तेवढाच. फ्यूजनं फरक पडत न्हाई, माझं म्हणणं कायम. पण एक गोष्ट मला त्या खोलीत बसल्यावर कळली. तुम्ही नवा आणलात, हौसेनं आणलात, म्हणून त्या दिवशी घालून कान देऊन बसलात, आणि तुमचे वडील तुम्हाला सापडले. माझ्या बरणीतला घालून कोण असं ऐकत बसतंय? झाकण लावतात आणि कामाला लागतात. तवा तुमचा फ्यूज फुकट गेला, असं मी इथून पुढं कुणाला म्हणू देणार न्हाई. पंगतीत कुणी हसलं तर करजगीच्या आत्याबाईंना पुढं करीन.

माझा फ्यूज मी काढून खिशात घातला. तुमचा परत बसवलाय, अप्पा. बाण बघून.